घराच्या दाराला कीपॅडचे कुलूप निवडताना: आधी दार, मग दट्ट्या, आकडे शेवटी

डिजिटल कुलूप दाखवायला लागलेला विक्रेता सुरुवात मोबाइल ॲपपासून करतो. मग बोटाचा ठसा, कार्ड, दिवे लागणारा कीपॅड, बोलून सूचना देणारा आवाज. चोराला प्रत्यक्ष अडवणारा भाग म्हणजे चौकटीत शिरणारा पोलादी दट्ट्या. तो बहुतेक वेळा खोक्यातच राहतो. माझा आग्रह आहे की खरेदीचा हा क्रम उलटा करा. कीपॅड फक्त किल्लीची जागा घेतो. दाराला बसणारा खांदा किंवा फटीत घातलेली पहार यांच्यासमोर तुमचे सहा आकडे काहीच करू शकत नाहीत.

लिहिताना मी पुण्या-मुंबई-ठाण्याकडच्या फ्लॅटचे नेहमीचे दार डोळ्यांपुढे ठेवले आहे: आत उघडणारे लाकडी मुख्य दार आणि त्याच्या बाहेर जाळीचे सेफ्टी डोअर. बंगला किंवा कोकणातले घर असेल तर काय बदलते, ते ओघात सांगतो.

दुकानात जाण्याआधी दार मोजा

टेप घेऊन दाराची जाडी मोजा. बिल्डरने दिलेली फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट दारे, बऱ्याचदा ३० ते ३५ मिलिमीटर जाडीची असतात आणि दाराच्या आत बसणाऱ्या अनेक डिजिटल कुलपांना किमान ३५ ते ४० मिलिमीटर लागतात. कुलपाची पेटी समजा २० मिलिमीटर जाड आहे. ती ३० मिलिमीटरच्या दारात बसवायला सुताराने पटाशीने खाच पाडली की दोन्ही बाजूंना जेमतेम पाच-पाच मिलिमीटर लाकूड उरते. म्हणजे महाग कुलूप बसवून दार नेमके कुलपापाशीच कमकुवत झाले. अशा दाराला आतल्या बाजूने वरून बसणारे कुलूपच घ्यावे.

मग दारावर बोटांच्या पेरांनी वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर कुलपाचा विचार तूर्त थांबवा. भरीव गाभ्याच्या फ्लश दारांसाठी आयएस २२०२ हे भारतीय मानक आहे आणि पोकळ गाभ्याच्या दारांसाठी आयएस २१९१. पोकळ दार बेडरूमला चालते. मुख्य दार तसे असेल तर आधी दार बदला, त्यातून पैसे उरले तर कीपॅड.

तिसरे माप लोक हमखास विसरतात. दोन्ही दारे लावल्यावर मुख्य दाराची बाहेरची बाजू आणि सेफ्टी डोअरची आतली बाजू यांच्यात किती जागा राहते? कुलपाचा बाहेरचा भाग दोन-तीन सेंटिमीटर पुढे येतो आणि मूठ असेल तर सहा-सात सेंटिमीटर. जागा कमी असेल तर मूठ जाळीला अडते आणि सेफ्टी डोअर लागतच नाही. मग कोणीतरी सेफ्टी डोअर काढून टाकायचे सुचवते. ते ऐकू नका, मूठ नसलेले चपटे मॉडेल शोधा. दारावर कोरीव काम किंवा पट्ट्या असतील तर कुलपाच्या उभ्या पट्टीला सपाट जागा मिळते का तेही बघा. खाली फट राहिली की तिथून पाणी आणि पेचकस दोन्ही आत जातात.

दार डावीकडे उघडते की उजवीकडे ते लिहून ठेवा आणि कडेचा, चौकटीचा, दोन दारांमधल्या जागेचा फोटो काढून न्या.

दट्ट्या अंगठ्याने ढकलून बघा

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. रिम लॉक दाराच्या आतल्या अंगाला वरून बसते. आपल्या जुन्या नाइट लॅचसारखेच, त्यामुळे पातळ दारालाही चालते. मॉर्टिस लॉक दाराच्या जाडीत शिरते. जाड, भरीव दार आणि हात बसलेला सुतार असेल तर मुख्य दारासाठी मी हेच निवडेन. तिसरा प्रकार गोल मुठीचा किंवा साध्या हँडलचा, ज्यात एकच तिरकी जीभ असते. तो स्वस्त आणि दिसायला सुबक असतो, पण त्याची जागा ऑफिसच्या केबिनला किंवा आतल्या खोलीला. मुख्य दाराला तो एकटा लावू नये.

तिरकी जीभ स्प्रिंगवर असते. दार ओढले की आपोआप लागते, ही तिची सोय. पण फटीतून प्लास्टिकची पट्टी सरकवली तर ती मागेही सरकू शकते. चौकोनी दट्ट्या, म्हणजे डेडबोल्ट, एकदा बाहेर आला की ढकलून मागे जात नाही. दुकानात कुलूप ‘बंद’ स्थितीत आणायला सांगा आणि दट्ट्या अंगठ्याने जोरात दाबा. आत सरकला तर पुढचे मॉडेल बघा. तो किती बाहेर येतो तेही मोजा. साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, हे धरून चालायचे माप आहे. दहा-बारा मिलिमीटर बाहेर येणारा दट्ट्या चौकट पहारीने जरा फाकवली की सुटतो.

यापुढचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो क्वचितच विचारला जातो: दार ओढल्यावर दट्ट्या आपोआप बाहेर येतो, की मूठ वर उचलावी लागते? अनेक मॉर्टिस मॉडेलमध्ये नुसते दार ओढले तर फक्त तिरकी जीभ लागते. डेडबोल्टसाठी मूठ वर करावी लागते. घाईत शाळेला निघालेली मुले, दोन्ही हातांत पिशव्या असलेली माणसे हे रोज करणार नाहीत. मग डेडबोल्टसाठी पैसे मोजूनही दार दिवसभर जिभेवरच राहते. आपोआप बाहेर येणारा दट्ट्या असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

दट्ट्या ज्या भोकात शिरतो, त्या चौकटीवरच्या पट्टीकडे तर कोणी बघतच नाही. कुलपाबरोबर येणारे स्क्रू अनेकदा अर्धा-पाऊण इंचाचे असतात आणि लाथ बसली की पट्टीसकट निघून येतात. लाकडी चौकट असेल तर सुताराला ७५ मिलिमीटरचे स्क्रू लावायला सांगा, म्हणजे ते चौकटीत खोलवर जातील. सिमेंटच्या किंवा ग्रॅनाइटच्या चौकटीला अँकर फास्टनर लागतात. बिजागऱ्यांचे स्क्रूही त्याच दिवशी तपासून घ्या. एवढ्या खर्चात दुसरी कुठलीही गोष्ट दाराला इतके बळ देत नाही.

खोक्यावरची चिन्हे वाचताना एक ध्यानात ठेवा. सीई, एफसीसी, आरओएचएस ही मुख्यतः विजेच्या, रेडिओ लहरींच्या आणि घातक पदार्थांच्या नियमांची चिन्हे आहेत. कुलूप फोडायला किती कठीण आहे, हे त्यांतून कळत नाही. ते सांगणारी मानके वेगळी. अमेरिकेच्या एएनएसआय-बीएचएमए पद्धतीत डेडबोल्टना श्रेणी देतात: श्रेणी १ साठी अडीच लाख वेळा उघडझाप, श्रेणी २ साठी दीड लाख, श्रेणी ३ साठी एक लाख, शिवाय प्रहाराच्या चाचण्या. युरोपात विजेवर चालणाऱ्या कुलपांसाठी ईएन १४८४६ आहे. आपल्याकडे आयएस २२०९ हे उभ्या मॉर्टिस कुलपांचे मानक आहे, पण ते यांत्रिक कुलपांचे. म्हणून विक्रेत्याला ‘आयएसआय आहे का’ एवढेच विचारून भागणार नाही. कोणत्या मानकाने नेमके काय तपासले, हे माहितीपत्रकात दाखवायला सांगा.

कुलपाचा मेंदू दाराच्या कोणत्या बाजूला आहे?

विक्रेत्याला सरळ विचारा: बाहेरचा कीपॅड कोणी पूर्ण उपटून काढला आणि मागच्या तारा एकमेकींना जोडल्या, तर दार उघडेल का? चांगल्या कुलपात बाहेरचा भाग फक्त आकडे आत पाठवतो. ते बरोबर की चूक हे ठरवणारे सर्किट आणि दट्ट्या मोकळा करणारी मोटर सुरक्षित बाजूला असते. ऑफिसच्या काचेच्या दाराला दिसतो तो स्वस्त कीपॅड बऱ्याचदा उलट बांधणीचा असतो. निर्णय घेणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, त्याच्या पोटातच, बाहेर. तो उघडला की दोन तारा जोडणे एवढेच काम उरते. त्याला जोडलेले चुंबकीय कुलूप वीज गेली की सुटते. आग लागली तर लोकांना बाहेर पडता यावे म्हणून ते मुद्दाम तसे केलेले असते. घराच्या दाराला हा संच कोणी स्वस्तात बसवून देत असेल तर नको म्हणा.

बाहेरची मूठ कशी फिरते तेही पाहा. कोड न देता ती फिरवल्यावर सैल फिरायला हवी. घट्ट अडणाऱ्या मुठीवर पाइप घालून जोर लावता येतो. सैल फिरणाऱ्या मुठीवर लावलेला जोर आत पोचतच नाही.

२०१८ साली चीनमध्ये योंगकांगच्या दारांच्या प्रदर्शनात एका बाईंनी हातात मावणारी टेस्ला कॉइल जवळ धरून काही कंपन्यांची डिजिटल कुलपे उघडून दाखवली आणि तिथल्या कुलूप उद्योगात खळबळ उडाली. तीव्र विद्युतचुंबकीय झटक्याने आतले सर्किट गोंधळून पुन्हा सुरू होई आणि सदोष कुलपात त्या गडबडीत दार उघडत असे. त्यानंतर या हल्ल्यापासून बचाव केल्याचा उल्लेख माहितीपत्रकांत येऊ लागला. स्वस्तातले अनोळखी मॉडेल घेताना हे जरूर शोधा.

आता किल्लीचे भोक. बहुतेक कीपॅड कुलपांना झाकणाखाली अडचणीच्या वेळेसाठी किल्ली असते. दहा हजारांच्या कुलपात जर कपाटाच्या दर्जाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो भाग, असेल, तर जाणकार चोर कीपॅडला हातही लावणार नाही. सिलिंडर बदलता येणारा आहे का, किल्ली सपाट दातेरी आहे की बाजूंना खळगे असलेली, हे बघा. बदलता येत असेल तर चांगला सिलिंडर वेगळा घेऊन बसवणे हा उत्तम उपाय.

बॅटरीच नसलेली यांत्रिक बटणांची कुलपेही मिळतात. शेतघराच्या किंवा कुंपणाच्या दाराला, जिथे महिनोन्‌महिने कोणी जात नाही, तिथे ती कामाची. पण यातल्या अनेकांत आकड्यांचा क्रम महत्त्वाचा नसतो. १० बटणांतून कोणतीही ४ निवडायची तर एकूण शक्यता फक्त २१० होतात, आणि संयम असलेला माणूस त्या एका दुपारी तपासू शकतो. शिवाय २०१० च्या सुमारास अमेरिकेत सिम्प्लेक्स या प्रसिद्ध पाच बटणी कुलपाची काही मॉडेल शक्तिशाली चुंबकाने उघडतात असे समोर आले आणि प्रकरण कोर्टात गेले. घराच्या मुख्य दारासाठी हा प्रकार मी सुचवणार नाही.

आकडे

चार आकड्यांचे १०,००० कोड होतात, सहांचे १० लाख. पाच चुकांनंतर कुलूप तीन मिनिटे गप्प होत असेल, तर चार आकड्यांचे सगळे कोड तपासायला सुमारे १०० तास लागतील. चुकांवर बंधनच नसेल आणि एका प्रयत्नाला पाच सेकंद धरले, तर तेच काम १४ तासांत होईल. तेव्हा चुकांनंतर काय होते हे आधी विचारा. गप्प होते का, किती वेळ, आणि आत आवाज करते का?

खरा धोका मात्र अंदाजाचा असतो. निक बेरी यांनी २०१२ मध्ये फुटलेल्या पासवर्डांच्या साठ्यांमधले चार आकडी कोड तपासले, तेव्हा १२३४ हा एकटा कोड जवळपास ११ टक्के ठिकाणी सापडला. आपल्याकडे यात भर म्हणजे फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर, जन्मसाल. गाडीचा नंबर पार्किंगमध्ये उभाच असतो आणि जन्मसाल वाढदिवसाच्या शुभेच्छांमधून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले असते.

बटणांची झीज हा दुसरा शत्रू. एकच कोड वर्षभर वापरला की चार बटणे गुळगुळीत होतात किंवा काचेवर बोटांचे डाग उरतात. ते चार आकडे कळले की शक्यता उरतात फक्त २४. सहा वेगवेगळे आकडे असतील तर ७२०. म्हणून कोड सहा आकड्यांचा ठेवा, तीन-चार महिन्यांनी बदला आणि कीपॅड पुसत राहा. अनेक कुलपांत खऱ्या कोडच्या आधी आणि नंतर वाटेल ते आकडे दाबता येतात; मधे खरा कोड आला की दार उघडते. लिफ्टमधून शेजारी उतरत असताना हे फार उपयोगी पडते आणि झीजही सगळ्या बटणांवर वाटली जाते. ही सोय नसलेले कुलूप मी घेणार नाही.

कार्डाबद्दल थोडक्यात. स्वस्त १२५ किलोहर्ट्झची कार्डे साध्या यंत्रावर कॉपी होतात. मायफेअर क्लासिक या लोकप्रिय कार्डाचे संरक्षण २००८ मध्येच नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी मोडून दाखवले होते. कार्डाची गरज नसेल तर एकही कार्ड नोंदवू नका आणि बरोबर आलेली कार्डे घरात ठेवा.

ॲप हवेच असेल तर

माझे मत स्पष्ट आहे: ज्यांना गावाहून किंवा परदेशातून दार उघडून द्यावे लागते त्यांनी ॲपवाले कुलूप घ्यावे. बाकीच्यांचे इंटरनेट नसलेल्या कीपॅडवर उत्तम भागते.

२०१६ च्या डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत अँथनी रोझ आणि बेन रॅमसी यांनी तपासलेल्या १६ ब्लूटूथ कुलपांपैकी १२ उघडली होती. २०१७ मध्ये लॉकस्टेट कंपनीने पाठवलेल्या चुकीच्या अपडेटमुळे सुमारे ५०० कुलपांचे कीपॅड बंद पडले. २०१९ मध्ये कीवी या कुलपात गंभीर त्रुटी सापडली आणि त्याला अपडेट स्वीकारण्याची सोयच नव्हती, म्हणजे विकलेली कुलपे तशीच राहणार. मार्च २०२४ मध्ये सायनर कंपनीच्या फर्मवेअरमधल्या (कुलपाच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) आणि ‘टीटीलॉक’ ॲपमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. वेगवेगळ्या नावांची अनेक कुलपे हेच ॲप वापरतात, त्यामुळे खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, कोणते ॲप डाउनलोड करावे लागते ते आधी विचारा. अपडेट येतात का, नेट बंद असताना कोड चालतो का, खात्याला ओटीपीचे दुसरे कुंपण घालता येते का, हे प्रश्नही सोडू नका. वायरलेस उपकरणांना भारतात दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची मान्यता लागते. तिचा क्रमांक प्रामाणिक कंपनी दाखवते.

कुलूप जोडताना मालकाचे खाते तुमच्याच फोनवर उघडा. बसवणाऱ्या तंत्रज्ञाच्या फोनवर ‘तात्पुरते’ जोडू देऊ नका.

बॅटरी आणि घरातली माणसे

बहुतेक कुलपे चार किंवा आठ पेन्सिल सेलवर चालतात. अल्कलाइन सेलच वापरा. रिचार्ज होणारे सेल दीड व्होल्टऐवजी १.२ व्होल्टचे असल्याने इशारा चुकीच्या वेळी येतो. साधे स्वस्त सेल पाझरून सर्किट खराब करतात. बाहेरून आपत्कालीन वीज देण्यासाठी यूएसबी-सी किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीची जागा असायलाच हवी. ९ व्होल्टची बॅटरी घरातल्या खणात ठेवून उपयोग नाही. ती आणि किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे किंवा जवळच्या नातेवाइकांकडे द्या.

आजी-आजोबांच्या बोटांचे ठसे वयाने पुसट झालेले असतात, भांडी-धुणे करणाऱ्या हातांचेही. ठसा चार वेळा नाकारला की त्यांना ओशाळल्यासारखे होते. त्यांच्यासाठी मोठे, उजळणारे आकडे आणि दाबल्यावर टक असा आवाज येणारी बटणे असलेला कीपॅड बरा. कामाला येणाऱ्या मावशींना वेगळा कोड द्या, जमल्यास त्यांच्या वेळेपुरता. तो का वेगळा आहे हे त्यांना मोकळेपणाने सांगा. उद्या घरात काही हरवलेच तर नोंद पाहून त्यांच्यावरचा नाहक संशय दूर होऊ शकतो.

आतून दार एका हालचालीत, कोडशिवाय, बॅटरी संपलेली असतानाही उघडले पाहिजे. धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत कोणी आकडे शोधत बसणार नाही. मात्र कीपॅडचे कुलूप जाळीच्या सेफ्टी डोअरला लावणार असाल तर याच सोयीचा धोका होतो. जाळीतून हात किंवा तार घालून आतली मूठ दाबता येते. तिथे मुठीभोवती पत्र्याची पेटी करून घ्या, किंवा कीपॅड आतल्या लाकडी दारालाच ठेवा.

बसवताना आणि पहिल्या पावसाळ्यात

कंपनीचा माणूस बऱ्याचदा भोके पाडून कुलूप बसवतो, पण जुन्या कुलपाची खाच बुजवणे, दार रंध्याने तासणे ही कामे तो करत नाही. त्याच दिवशी सुताराला बोलावून ठेवा. कुलूप बसले की दार उघडे ठेवूनच सगळे तपासा: कोड, चुकीचा कोड, किल्ली, बाहेरून दिलेली वीज, आतली मूठ. पुन्हा पुन्हा करून खात्री पटल्यावरच दार पहिल्यांदा ओढा, तेही कोणीतरी आत असताना. तंत्रज्ञ गेल्यावर कंपनीचा मूळ मास्टर कोड बदला.

पावसाळ्यात लाकडी दार फुगते. दट्ट्या पट्टीच्या भोकाला घासतो, मोटर कण्हते, बॅटरी महिन्याभरात उतरते आणि एखाद्या रात्री दट्ट्या अर्धाच बाहेर येतो. दार आणि चौकटीत सगळीकडे साधारण तीन मिलिमीटर फट ठेवा आणि पट्टीचे भोक गरजेपुरते कानसून घ्या. दार ढकलून धरल्याशिवाय कुलूप लागत नसेल तर बिघाड बहुधा कुलपात नसून बिजागरीत असतो. रत्नागिरी, अलिबाग, गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा जस्ताच्या मिश्रधातूवरचा मुलामा खाते, म्हणून तिथे बाहेरचा भाग स्टेनलेस स्टीलचा बघा. पावसाची झड थेट लागणाऱ्या दाराला किमान आयपी ६५ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा घ्या. फ्लॅटच्या आतल्या जिन्यात त्याची गरज नाही.

किमती साधारण सहा-सात हजारांपासून सुरू होऊन पंचवीस हजारांच्या पुढे जातात. हातात बारा हजार असतील तर दोन हजार सुतार, लांब स्क्रू आणि चांगल्या सिलिंडरसाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात कुलूप बघा. कॅमेरा आणि चेहरा ओळखण्याची सोय यांच्यावर पहिला हात मारावा असे मला वाटत नाही.

गणपतीला किंवा मे महिन्यात आठ-पंधरा दिवस घर बंद ठेवणार असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी सेल बदला, मावशींचा आणि पाहुण्यांना दिलेला कोड बंद करा, आणि सेफ्टी डोअरला त्याचे किल्लीचे कुलूपही लावून जा.